शास्त्रापुरतं आणि शास्त्राप्रमाणे

कोर्टाच्या कागदांचं मराठी करून देणं हा माझा धंदा. खरेदीखतं, मृत्युपत्रं, प्रतिज्ञापत्रं. हात आता आपोआप चालतो, पण इंग्रजी मजकुरात ‘पर्सनल लॉ’ आला की अजूनही अडखळतो. मागे वारसाच्या एका दाव्यातल्या प्रतिज्ञापत्रात मी सरळ लिहिलं, ‘पक्षकारांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू आहे.’ सही करायला आलेले काका सत्तरीचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “ताई, माझा वैयक्तिक कायदा असता तर मी कोर्टाची पायरी कशाला चढलो असतो?”

हसू आलं, पण काकांचं काही चुकलेलं नव्हतं. मराठीत वैयक्तिक म्हणजे ज्याचं त्याचं, खासगी. ‘पर्सनल लॉ’ म्हणजे लग्न, वारसा, दत्तक, पोटगी यांबाबत माणसाला त्याच्या धर्मामुळे लागू होणारा कायदा. त्यात खासगी काहीच नसतं, उलट जन्मताच तो गळ्यात पडतो. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागले आणि दर वेळी फिरून एकाच खटल्यापाशी पोचले. तो मुंबई उच्च न्यायालयातला १९५१ सालचा, ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’. धर्मातून आलेल्या नियमांना घटनेच्या भाषेत ‘कायदा’ म्हणायचं की नाही, हा त्यातला प्रश्न.

खटल्याआधी आपल्याच घरातले शब्द जरा चाचपून बघू. ‘कायदा’ हा अरबीतून आला, मुळात अर्थ पाया किंवा नियम. ‘कानून’ही अरबीतूनच, पण तिथे तो ग्रीकमधून गेलेला, आणि त्याच ग्रीक मुळापासून ख्रिस्ती चर्चच्या कायद्याचं ‘कॅनन’ हे नावही निघालं. ‘शरिया’चा जुना अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट. म्हणजे आपण सरकारी नियमाला अरबी शब्द लावतो आणि धर्माच्या नियमाला संस्कृत शब्द, ‘शास्त्र’. या शास्त्राची रोजच्या बोलण्यात काय अवस्था आहे बघा. शास्त्रापुरतं हळदीकुंकू लावलं, शास्त्रापुरता एक घास खाल्ला. का करायचं असं कुणी विचारलं तर उत्तर तयार, “शास्त्र असतं ते.” शास्त्रापुरतं म्हणजे नावाला, बोट लावल्यासारखं. शास्त्राप्रमाणे म्हणजे यथासांग, एकही पायरी न गाळता. दोन शब्दांत फरक एका प्रत्ययाचा, पण तेवढ्यावर एक माणूस फौजदारी खटल्यातून सुटला आहे. त्याच्याकडे नंतर येते. आणि या सगळ्यावर आपली जुनी म्हण आहेच, ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’. शास्त्रापेक्षा रूढी बळकट.

आता खटला. १९४६ पर्यंत मुंबई इलाख्यातला हिंदू पुरुष पहिली बायको हयात असताना दुसरी करू शकत होता. दंडसंहितेत द्विविवाहाचं ४९४ कलम होतंच, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. पण ते तेव्हाच लागायचं, जेव्हा आधीचा जोडीदार जिवंत असल्यामुळे दुसरं लग्न मुळातच रद्द ठरतं. हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न त्याच्या शास्त्रानुसार रद्द ठरत नसे, त्यामुळे कलम त्याला शिवत नसे. बाईचं मात्र ठरायचं, त्यामुळे ती त्यात सापडायची. मुंबई विधिमंडळाने १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधक कायदा करून हिंदू पुरुषालाही या कक्षेत आणलं. मद्रासने १९४९ साली तसाच कायदा केला.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि या कायद्याखाली सापडलेल्यांच्या बाजूने नवे मुद्दे निघाले. मुसलमान पुरुषाला चार बायकांची मुभा आणि हिंदूला तुरुंग, मग समानता कुठे राहिली? मुलाशिवाय पितरांना गती नाही, तेव्हा मुलासाठी दुसरं लग्न करणं हा धर्माचरणाचा हक्क नाही का? आणि तिसरा मुद्दा सगळ्यात खोल जाणारा. बहुपत्नीत्व पुरुषाला एक मुभा देतं आणि स्त्रीला ती नाकारतं, म्हणजे ते लिंगभेद करतं. घटनेच्या १३व्या कलमाप्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असे सगळे ‘अमलात असलेले कायदे’ तेवढ्यापुरते रद्द होतात. मग बहुपत्नीत्वाची ही मुभा घटना येताच आपोआप का मेली नाही?

खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते. छागला मुंबईच्या खोजा मुस्लिम समाजातले, तर गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले आणि संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. दोघांनी निकालपत्रं वेगवेगळी लिहिली, निष्कर्ष मात्र एकच. द्विभार्या कायदा वैध.

मुलाच्या मुद्द्यावर छागलांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. हिंदू धर्माबद्दल आपण संकोचूनच बोलतो, असं आधी सांगून त्यांनी म्हटलं की हा धर्म मुलाची गरज मानतो हे खरं, पण तोच धर्म दत्तकही मानतो. एकाच बायकोबरोबर राहून वंश चालवायची सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे. समानतेच्या मुद्द्यावर दोघांचं म्हणणं असं की सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळं आहे, सगळ्या समाजांना एकाच दिवशी हात घातला पाहिजे असं नाही.

राहिला शब्दाचा प्रश्न. १३व्या कलमात ‘कायदा’ या शब्दात काय काय येतं याची यादी आहे. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, आणि शेवटी कायद्याइतकं बळ असलेली रूढी किंवा परिपाठ. पर्सनल लॉ यादीत नाही. छागलांनी १९१५ च्या भारत सरकार कायद्याचा दाखला काढला. त्याच्या ११२व्या कलमात उच्च न्यायालयांना सांगितलं होतं की वारसा वगैरे बाबतींत पक्षकारांचा पर्सनल लॉ ‘किंवा’ कायद्याचं बळ असलेली रूढी लावा. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे जुन्या कायद्याला ठाऊक होतं. घटनाकारांनी त्यातली रूढी उचलली आणि पर्सनल लॉ ठेवून दिला. हे विसरून झालेलं नाही, कारण समवर्ती सूचीच्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीच्या, पाचव्या नोंदीत तोच शब्द त्यांनी नीट वापरला आहे. शिवाय पर्सनल लॉ १३व्या कलमाने आपोआपच तपासला जाणार असता तर अस्पृश्यता नष्ट करायला वेगळं १७वं कलम कशाला लागलं असतं आणि समान नागरी कायद्याचं ४४वं कलम तरी कशाला?

गजेंद्रगडकरांचा रस्ता वेगळा. ‘अमलात असलेले कायदे’ म्हणजे विधिमंडळाने किंवा दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याने केलेले कायदे. हिंदू आणि मुस्लिम कायद्यांचा मूळ आधार त्यांचे धर्मग्रंथ. ते कोणत्याही विधिमंडळाने केलेले नाहीत, म्हणून १३व्या कलमाची कात्री त्यांना लागत नाही.

इथे मला दोन ठिकाणी खटकतं. पहिलं ठिकाण भाषांतराच्या टेबलावरचं आहे. कलमात शब्द आहे ‘समावेश आहे’. ‘डब्यात पोळी, भाजी, लोणचं यांचा समावेश आहे’ असं म्हटलं तर कोशिंबीर असूच शकत नाही असा अर्थ निघत नाही. मोजदाद संपवायची असती तर ‘म्हणजे एवढेच’ अशा अर्थाचा शब्द घातला असता. या निकालावर टीका करणाऱ्या अनेकांनी पुढे याच शब्दावर बोट ठेवलं.

दुसरं ठिकाण इतिहासाचं. आज ज्याला आपण हिंदू कायदा म्हणतो तो खरंच पोथीतून आला का? वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली बंगालसाठी ठरवलं की वारसा, विवाह, जात असल्या बाबींत मुसलमानांना कुराण आणि हिंदूंना ‘शास्टर’ लावायचं. शास्त्र हा शब्द तिथे पहिल्यांदा कंपनीच्या कोर्टात जाऊन बसला. मुंबईकर त्या मानाने शहाणे म्हणायचे. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेत, चौथ्या विनियमाच्या २६व्या कलमात क्रम असा आहे: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर देशाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक. वहिवाट आधी, शास्त्र मागून. आपल्या म्हणीचंच सरकारी रूप. कोर्टांना शास्त्री जोडलेले होते, न्यायाधीश त्यांना लेखी प्रश्न घालायचे आणि ते मयूख, मिताक्षरा असे धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ चाळून उत्तर द्यायचे. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांमधली शास्त्र्यांची अशी उत्तरं वेस्ट आणि ब्यूलर यांनी १८६७ पासून पुस्तकात छापली. तोवर खुद्द शास्त्र्यांची पदं गेलेली होती, १८६४ च्या कायद्याने. पुढे जज्जांनीच इंग्रजी भाषांतरं वाचून निकाल दिले, त्या निकालांवर आणखी निकाल दिले, आणि त्या थराला ‘हिंदू लॉ’ हे नाव पडलं. १९५१ साली वकील मयूखाची पोथी बगलेत मारून येत नव्हते, लॉ रिपोर्टचे खंड घेऊन येत होते. ब्रिटिश न्यायाधीशांनी शंभर वर्षं घडवलेल्या गोष्टीला ‘धर्मग्रंथातून आलेली’ म्हणणं अर्धंच खरं.

मुसलमानांच्या बाजूलाही तीच गंमत. मुंबईच्या खोजा आणि मेमन समाजात मुलींना वारसा न देण्याची चाल होती. कुराणात मुलीचा हिस्सा आहे. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की इथे चाल चालेल. पुढे १९३७ साली शरियत कायदा आला, त्याने बऱ्याच बाबींत रूढी बाजूला सारली आणि ‘मुस्लिम पर्सनल लॉ’ लागू केला, पुढे कंसात ‘शरियत’ असा शब्द घालून. दीडशेहून अधिक वर्षं घोळत असलेलं भाषांतर एका कंसात उरकलं. रूढी आणि पर्सनल लॉ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं बजावणारे छागला ज्या समाजात वाढले, त्या समाजाने हा फरक कोर्टात भोगलेला होता. त्यांच्या मनात ते असेल नसेल, निकालपत्र वाचताना माझ्या मनात येतंच.

गोव्यात हा पेच वेगळाच सुटला. पोर्तुगीजांनी १८६७ ची आपली नागरी संहिता तिथे लागू केली, पण हिंदूंच्या काही प्रथा राखून ठेवल्या आणि १८८० साली त्या सरकारी हुकमाने छापल्या. त्याच्या शीर्षकात धर्म नाही, शास्त्र नाही, ‘रूढी आणि चालीरीती’ असे शब्द आहेत. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही, किंवा तीस पूर्ण होऊनही मुलगा नाही, अशा काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा त्यात आहे. गजेंद्रगडकरांची कसोटी इथे लावून बघा. नियम तोच, मुलासाठी दुसरी बायको. पोथीत असला तर कायदा नव्हे आणि सरकारी छापखान्यातून निघाला तर कायदा.

नरसू आप्पांच्या निकालाचं वजन पुढे कमी झालं नाही. १९८० साली ‘कृष्ण सिंह विरुद्ध मथुरा अहिर’मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की घटनेचा तिसरा, म्हणजे मूलभूत हक्कांचा, भाग पक्षकारांच्या पर्सनल लॉला स्पर्श करत नाही. त्याला पहिला मोठा ओरखडा उठला तो २२ ऑगस्ट २०१७ ला, तिहेरी तलाकच्या निकालात. न्यायमूर्ती नरिमन यांनी सांगितलं की १९३७ चा कायदा विधिमंडळानेच केला आहे, म्हणजे त्याने अमलात आणलेला तिहेरी तलाकही १३व्या कलमाखाली तपासता येतो. नरसू आप्पांच्या निकालाचा योग्य प्रकरणी फेरविचार व्हावा असंही त्यांनी नमूद केलं. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्या निकालाच्या तर्कावर उघड टीका केली. पण ती मतं त्या त्या न्यायमूर्तींची.

आता त्या प्रत्ययाकडे. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला, एकपत्नीत्व देशभरच्या हिंदूंना लागू झालं आणि ४९४ कलम पुरुषालाही लागलं. वाटलं, मिटलं. तेवढ्यात ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ सर्वोच्च न्यायालयात पोचलं. पहिली बायको असताना आरोपीने फेब्रुवारी १९६२ मध्ये दुसरीशी गंधर्व लावला होता, म्हणजे गंधर्व पद्धतीने लग्न केलं होतं. साक्षीत त्या रात्रीचं वर्णन आलं आहे. रात्रीचे दहा. पाट मांडले, बैठक अंथरली. नवरा एका पाटावर, नवरी शेजारच्या पाटावर. तांब्या आणला, त्यावर विड्याची पानं आणि नारळ ठेवून पूजा केली. दोन हार आणले, दोघांनी एकमेकांना घातले. मग कपाळाला कपाळ लावलं. भटजी नव्हते, मंगलाष्टका नव्हत्या, वाजंत्रीही नव्हती. साक्षीदारांचं म्हणणं, आमच्यात गंधर्वाला हे लागत नाही.

तो पाट, तो तांब्या, ती कपाळं. गावात कुणालाही विचारा, लग्न लागलं की नाही. खालच्या कोर्टांनीही लागलं असंच धरून शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ती रद्द केली. कायद्यात इंग्रजी शब्द आहे ‘सॉलेम्नाइझ’. न्यायालयाने शब्दकोश काढून अर्थ घेतला, योग्य विधींनी आणि रीतसर लग्न साजरं करणं. योग्य विधी कोणते? अग्नीसमोर होम आणि सप्तपदी. हे न्यायालयाने कुठल्या स्मृतीतून उचललं नाही. त्याने मुल्लांच्या हिंदू कायद्यावरच्या पुस्तकाचा आधार घेतला. सर दिनशा मुल्ला मुंबईचे पारशी. लग्न लागलं की नाही हे ठरवणारं शास्त्र एका पारशी गृहस्थाच्या इंग्रजी पुस्तकातून आलं, यात मी मुल्लांना काडीचा दोष देत नाही, पुस्तक उत्तमच आहे. पण ‘धर्मग्रंथातून आलेला कायदा’ हे शब्द ऐकले की मला ते पान आठवतं.

मग रूढीचं काय? १९५५ च्या कायद्यात रूढीची व्याख्या आहे, दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. पाच-सात वर्षांत विधी गाळायची पद्धत पडली असली तरी तेवढ्याने रूढी बनत नाही, असं न्यायालय म्हणालं. होम नाही, सप्तपदी नाही, म्हणून दुसरं लग्न नाही. लग्नच नाही तर द्विविवाह कसला? १९६६ आणि १९७१ च्या निकालांत हीच वाट पक्की झाली. लग्न शास्त्रापुरतं लागलं होतं, न्यायालयाला शास्त्राप्रमाणे लागलेलं हवं होतं. त्या फटीतून नवरा निसटला, आणि दोन्ही बायका जिथल्या तिथे. पहिलीचा गुन्हेगार सुटला, दुसरी तर बायकोच ठरली नाही.

१९५१ आणि १९६५ हे निकाल शेजारी ठेवून वाचले की ‘पर्सनल लॉ’ या शब्दाचं वागणं दिसतं. घटनेच्या हक्कांवर घासून बघायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, मी कायदा नाही, मी शास्त्र. बाईने नवऱ्यावर गुन्हा शाबीत करायची वेळ आली तेव्हा त्यातलीच सात पावलं कायदा होऊन बसली आणि एक पाऊल कमी पडलेलं चालेना. दोन्ही निकालांचं तर्कशास्त्र आपापल्या जागी वाचलं तर पटण्यासारखं आहे, विशेषतः लोखंडे प्रकरणातलं. फौजदारी गुन्ह्यात पुरावा घट्टच हवा. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. इंग्रजीत एकच ‘लॉ’ दोन्हीकडे बसतो म्हणून सांधा दिसत नाही. मराठीत शास्त्र, रूढी, कायदा असे तीन शब्द हाताशी आहेत. निकालपत्राचं भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी यातला नेमका कुठला, हे मला ठरवावं लागतं, आणि ठरवताना कळतं की इंग्रजी वाक्याने ते ठरवलेलंच नाही.

शासकीय मराठीत ‘व्यक्तिगत कायदा’, ‘व्यक्तिविषयक कायदा’ असे पर्याय फिरतात, हिंदीत ‘स्वीय विधि’ आहे. मी ते सगळे वापरून पाहिले. वर्तमानपत्रं ‘पर्सनल लॉ’ लिहून मोकळी होतात, ‘पर्सनल लॉ बोर्ड’मुळे तो शब्द लोकांच्या कानावरही आहे. एकदा मी ‘धर्मानुसार लागू होणारा कौटुंबिक कायदा’ असं लांबलचक लिहिलं. अर्थ कळत होता, पण ‘धर्मानुसार’ म्हटलं की ठरवणारा धर्म झाला. काकांच्या दाव्यात वारसा ठरणार होता १९५६ च्या अधिनियमाने, जो संसदेने केला आणि २००५ साली संसदेनेच बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. त्यात धर्म एवढाच की तो कुणाला लागू हे त्यावरून ठरतं.

म्हणून शेवटी मी तो शब्दच गाळला. लिहिलं, ‘पक्षकार हिंदू असून त्यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे.’ काकांनी वाचलं, मान डोलावली, बहिणीचा हिस्सा यात येतो ना, असं विचारलं. येतो म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि सही केली. संध्याकाळी वकिलांच्या कचेरीतून कागद परत आला. माझ्या ओळीवर लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘मुळात पर्सनल लॉ आहे, तेच ठेवा.’ ठेवलं, देवनागरीत.